बोरखेडीच्या नाल्यातलं मोरसचं गवत

पौष लागला आणि मी दाभोळच्या धक्क्यावरून आगबोटीत पाय ठेवला. सामान बेताचंच होतं. वळकटी, छत्री, मामींसाठी आमसुलं आणि फणसपोळी, वाटेत खायला आईनं बांधून दिलेले नाचणीचे लाडू, आणि काखेत घडी घालून घेतलेलं एक रिकामं गोणपाट. शेजारी बसलेल्या भटजींनी विचारलं, "रिकामं पोतं घेऊन कुठं निघालात?"

"वऱ्हाडात," मी म्हणालो, "गवत आणायला."

ते मोठ्यानं हसले. कोकणातला माणूस गवतासाठी वऱ्हाडात जातो हे त्यांना खरंच वाटेना. मग मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. ती सांगताना मला किती बरं वाटत होतं, ते आज आठवलं की मान खाली जाते.

हकिकत अशी. माझे मामा, अण्णामामा, तरुणपणी मोरसला (मॉरिशस बेटावर) गेले होते. तिथं उसाच्या एका मळ्यावर खेचरांच्या तबेल्याची व्यवस्था त्यांच्याकडं होती. त्या बेटावर पाणथळीत वाढणारं एक गवत त्यांनी पाहिलं. कापावं तितकं फुटणारं, बारा महिने हिरवं, आणि जनावरानं एकदा तोंड घातलं की बाहेर काढायला नको असं. परत येताना त्याच्या कांड्या ते ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. बोटीवर पिण्याचं पाणी बेतानं मिळायचं, त्यातलं निम्मं ते गवतावर शिंपडत. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की मामांइतकंच ते गवतही आम्हाला नात्यातलं वाटायचं.

पुढं मामांना वाशीमच्या एका जिनात (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) कोठारावर नोकरी लागली. थोडी शिल्लक पडल्यावर त्यांनी जऊळक्याजवळ बोरखेडी गावी नाल्याकाठी जमीन घेतली, म्हशी बांधल्या आणि ते गवत लावलं. गेल्या वर्षी मामा वारले. मूलबाळ नव्हतं. मामी एकट्याच तिथं राहत होत्या. आईनं मला बजावलं होतं, "वहिनीला घेऊन ये. एकटी कशाला राहते त्या मुलखात?" माझं छोटं किराण्याचं दुकान आहे आणि दारात दोन म्हशी आहेत. शिमगा सरला की आमच्या कातळावर काडी उरत नाही. मी मनाशी म्हटलं, मामींनाही आणू आणि मामांचं गवतही आणू.

मुंबईहून अकोल्यापर्यंत मोठ्या गाडीत बसून डुलक्या काढल्या. अकोल्याला गाडी बदलली. इथून पुढं अरुंद रुळांची लहान गाडी. ती दक्षिणेकडं डोंगर चढू लागली की इतकी हळू चालते की खाली उतरून लघवीला जाऊन परत बसावं, असं डब्यातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, आणि तसं करूनही दाखवलं.

आपल्या तांबड्या मातीला सरावलेल्या डोळ्यांना वऱ्हाडची काळी जमीन प्रथम जळाल्यासारखी दिसते. मग तिच्यावरची पऱ्हाटी (कपाशीची झाडं) दिसू लागते. बायका ओटीत कापूस वेचत होत्या आणि पोटावर पांढरं ओझं घेऊन ओळीनं पुढं सरकत होत्या. तूर शेंगांनी भरलेली, ज्वारी उभी, मध्येच सागाच्या टेकड्या. डब्यात समोर बसलेल्या एका शेतकरीणबाईंनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या ओंजळीत हुरडा ओतला.

"खा जी, आताच भाजेल हाय. कोण्या गावचे?"

मी गाव सांगितलं, आणि पाठोपाठ मामांचीही गोष्ट सांगितली. त्यांनी त्या गवताचं नाव ऐकलं नव्हतं. मला त्यांची कीव आली.

जऊळका स्टेशन म्हणजे एक कौलारू खोली, चार कडुनिंब आणि कापसाच्या गाड्यांची रांग. तिथं चांदभाई भेटले. पांढरी दाढी, डोक्याला लाल फडकं, आणि त्यांचा छकडा (हलकी बैलगाडी) रिकामाच बोरखेडीच्या बाजूला परत चालला होता.

"बोरखेडीले? बसा मंग. कोणाच्या घरी जाता?"

"मोरसवाले अण्णा माहीत आहेत का? ज्यांनी ते गवत आणलं?"

चांदभाईंनी आधी बैलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बुढ्याले कोण नाई ओयखत? मोठा दिलदार आदमी होता."

"मी त्यांचा सख्खा भाचा."

"असं?" ते म्हणाले आणि गाडी हाकू लागले.

वाटभर मीच बोलत होतो. मोरस, खेचरं, बोटीवरचं पाणी, सगळं सांगून झालं. त्यांनी मध्ये मध्ये "हो जी" म्हटलं. शेवटी मी गोणपाट दाखवलं आणि म्हणालो, हे भरून कांड्या नेणार आहे.

"एकच गोणी काहून?" चांदभाई म्हणाले. "गाडीभर न्या. दोन गाड्या न्या."

वऱ्हाडी माणसाचं मन मोठं असतं असं ऐकलं होतं, त्याचा हा अनुभव म्हणून मी तो मनात टिपून ठेवला.

गाव समोर दिसू लागलं तिथं नाला आडवा आला. उतरणीवर गाडी गेली आणि पुढं हिरवं कुरण लागल्यासारखं वाटलं. बैलांनी त्यात पाय घातले मात्र, ते गुडघ्यापर्यंत खचले. चाकं आसापर्यंत रुतली. ते कुरण नव्हतं. पाण्यावर आणि चिखलावर पसरलेली गवताची जाड गादी होती.

"उतरा, पावणे. जोर लावा लागते."

मी जोडे काढले, धोतर खोचलं आणि उतरलो. बोटाएवढ्या जाड, केसाळ कांड्या पायांभोवती गुंतू लागल्या. एक सोडवावी तर दुसरी अडकत होती, आणि पेरापेराला मुळं फुटलेली. मी चाकाला खांदा दिला तशी माझी टोपी चिखलात पडली. बैल फुरफुरत होते. चांदभाई त्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांना गोड बोलत होते. खूप वेळ झटापट केल्यावर गाडी पलीकडं लागली तेव्हा मी दमून विचारलं, "हे कसलं हो गवत?"

"तुमच्या मामाचं," चांदभाई म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते बैलाच्या पायात अडकलेली वेल सोडवत होते.

"आमी बुढ्याचं गवत म्हणतो याले. पह्यले थे बुढ्याच्या जाग्यात होतं. मंग पुरात कांड्या वाहून आल्या. अथी उतार (नाला ओलांडायची जागा) होता पक्का, खडकाचा. आता पाहा."

मी पाहत होतो. वर, खाली, दोन्ही काठांनी, नजर जाईल तिथं तेच होतं. आगबोटीवरचे भटजी, गाडीतल्या बाई, आणि या माणसासमोर वाटभर केलेली माझी बडबड मला आठवली. गुडघ्यापर्यंत चिखल होता, पण कान तापले होते.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इतक्या खुशीत बोलून राह्यले होते," चांदभाई म्हणाले, "कसं सांगाव?"

पुढं मी गाडीत बसलो नाही. गाव जवळच होतं, आणि त्यांच्या शेजारी बसायची मला लाज वाटत होती.

नाल्याच्या काठानं भाजीची वावरं (शेतं) होती. वांगी, मिरच्या, पालक. एका दांडात (पाणी नेण्याच्या चारीत) एक म्हातारी मजूर बाई वाकून गवत उपटत होती. कासोटा घातलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्याला फडकं. मी चिडलेलाच होतो. काठावरूनच ओरडलो, "ए बाई, अण्णांचं घर कुठलं?"

ती कमरेवर हात ठेवून हळूहळू उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"नरू ना तू? नाक अगदी वन्संचं आहे."

त्या मामी होत्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा मुंज झालेला मुलगा होतो, आणि त्या नऊवारी रेशमी लुगडं नेसून आमच्या ओटीवर बसल्या होत्या. मी घाईघाईनं नमस्काराला वाकलो, पण त्यांचे पाय चिखलात होते. हात कुठं लावावा ते कळेना.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "एवढा तुकडा झाला की जाऊ घरी."

"मामी, तुमच्या शेतात गडी नाही का कुणी?"

"हे माझं शेत नव्हे रे. पुंडलिकाचं आहे."

घरी त्यांनी हातपाय धुतले, चूल पेटवली. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वर कच्चं तेल घातलेलं वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, ते मला सोयीचं झालं. मामी भाकर थापत होत्या तेव्हा त्यांचे तळहात दिसले. सगळीकडं चिरा. त्या गवताच्या कडेला धार असते, आणि चिखलात चीर पडली की लवकर भरत नाही. मामा गेल्यापासून त्या रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या दांडात उतरत होत्या. आज पुंडलिक, उद्या शेजारचा. कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नव्हतं.

मी त्यांना आईचा निरोप सांगितला. म्हटलं, "चला मामी. भाच्यानं मामीला असं चिखलात ठेवलं, लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत," मामी म्हणाल्या. "इथले लोक मला काहीच म्हणत नाहीत रे. तेच सोसवत नाही."

जेवणानंतर माझी वळकटी सोडताना त्यांच्या हाती ते गोणपाट लागलं. "हे काहून आणलंस?" इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी शब्द मिसळले होते.

"आमसुलं बांधली होती त्यात."

त्यांनी गोणपाट उलगडलं, नाकाशी नेलं, आणि पुन्हा घडी घालून कोपऱ्यात ठेवलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

सकाळी मी एकटाच पुंडलिकाच्या वावरात गेलो. पुंडलिक आणि त्याची बायको सुभद्रा वांगी तोडत होती. दोघांची पन्नाशी जवळ आलेली. अंगानं काटक. मी कोण ते त्यांना ठाऊक होतं. चांदभाईंनी काल गावात सांगितलं असणार. सुभद्रेनं तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा चहा केला आणि पितळी मला देऊन आपण दोघं वाटीतून प्यायली.

"पाहून घ्या," पुंडलिक म्हणाला आणि मला वावराच्या खालच्या टोकाला घेऊन गेला. तिथली वांगी पिवळी पडून माना टाकून उभी होती. मी एक रोप धरलं तर ते अलगद हातात आलं. मूळ काळं, कुजलेलं. "दांडातून पाणी पुढं सरकत नाई. अथीच जिरते. अर्ध्या वावराची लवण (पाणी साचणारी सखल जागा) होऊन गेली. औंदा निभावलं नाई तर वाशीमले जाऊन जिनात हमाली करा लागते. मी बी आणि माही बायको बी."

"दरवर्षी उपटून निघत नाही?"

"उपटतो ना. पण वर बुढ्यानं बांध घातला हाय नाल्याले. तथी पाणी तुंबते, त्यात ते मायंदळ वाढते, आणि पावसाळ्यात तथून पुन्हा खाली येते. बांध फोडला तर उन्हाळ्यात नाला कोरडा पडते. कोरडं पडलं का खणून जाळता येते. आमाले विहिरी हायेत, आमचं भागते."

"मग फोडा की."

पुंडलिकानं मान हलवली. "जागा काकूची. त्याच पाण्यावर त्यायच्या म्हशी. आणि एक सांगू का बापू, दुष्काय पडला होता त्या साली गावात काडी नव्हती. बुढ्यानं बांधातलं गवत फुकट कापू दिलं साऱ्यायले. माहे बैल त्याच गवतानं वाचले. मंग आता काकूले कोण्या तोंडानं म्हणाव, तुमच्या माणसाचं काम मोडून टाका म्हणून?"

मी हातातलं कुजलेलं रोप खाली ठेवलं. तो म्हणाला, "तुमी घरचे हा. तुमी विचारून पाहा."

"तुम्ही कधीच विचारलं नाही?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. सुभद्रा म्हणाली, "एक डाव गेल्ते हे. बुढा होता तवा."

"जाऊ दे वं," पुंडलिक म्हणाला. "झालं गेलं."

मी विचारतो म्हणालो. पण घराकडं जायचं सोडून मी उलट्या दिशेला गेलो. त्या दिवशी बोरखेडीत पाहण्यासारखं जे होतं ते सगळं मी पाहिलं. मारुतीचं देऊळ पाहिलं, टेकडीवरचा दर्गा पाहिला, तिथून दिसणारी जऊळक्याकडची आगगाडी पाहिली. गावात कुणी भेटलं की "काकूचे भाचे का?" म्हणून विचारायचं, घरात बोलवायचं, शेंगा पुढं करायचं. एकानंही गवताचं नाव काढलं नाही. कालपर्यंत मी ते नाव प्रत्येकाला ऐकवत आलो होतो. आज वाटत होतं, कुणी तरी रागावून बोलावं, म्हणजे निदान उत्तर तरी देता येईल. एका घरात तर मला पाटावर बसवून दूध दिलं, आणि ते घर नाल्याकाठचंच होतं. दूध पिताना मी मान वर केली नाही.

संध्याकाळी मामींसमोर जेवायला बसलो, तेव्हाही विचारवेना. मामांचा फोटो चुलीच्या वरच्या भिंतीवर होता. काळा कोट, पगडी, आणि मागं परदेशातली कसलीशी झाडं. त्या माणसाबद्दल त्याच्या बायकोला असं कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी म्हशीखाली बसल्या होत्या. त्यांची पाठ माझ्याकडं होती, म्हणूनच मला बोलता आलं असावं. मी अडखळत पुंडलिकाचं म्हणणं सांगितलं. दुधाच्या धारेचा आवाज थांबला.

"पुंडलिक म्हणाला असं? तो स्वतः?"

"हो."

"किती दिवस झाले, मी वाट बघते आहे कुणी म्हणेल म्हणून." त्या वळल्या नाहीत. "मला वाटायचं, त्या बांधाचं पाणी त्यांच्या विहिरींना लागतं. मी तो फोडून टाकला तर त्यांचं आणखी वाटोळं व्हायचं. विचारायचं तर कुणाला? माझ्याशी या विषयावर कुणी बोलतच नाही."

"का बोलत नाहीत, मामी? दुष्काळातल्या उपकारामुळं?"

"ते आहेच. पण दुसरंही आहे." मामी उठल्या आणि भांडं बाजूला ठेवून गोठ्याच्या खांबाला टेकल्या. "पहिल्यांदा दांड तुंबले तेव्हा पुंडलिक आमच्या अंगणात आला होता. हात जोडून म्हणाला, अण्णा, गवत आवरा. ह्यांना राग आला. सात समुद्रांपलीकडून आणलेली वस्तू, तुम्हा अडाण्यांना किंमत नाही, असं बोलले. आणखीही पुष्कळ बोलले. अंगणातून हाकलून दिलं त्याला. सुभद्रा फाटकात उभी होती, तिच्यादेखत."

"आणि तुम्ही?"

"मी दारात होते. पाण्याचा तांब्या भरून आणला होता त्याच्यासाठी. उन्हाचा आला होता तो. हे बोलायला लागले तशी मी तांब्या घेऊन आत गेले." मामींनी पदरानं तोंड पुसलं. "नरू, ते वाईट नव्हते. पण आपलं चुकलं हे त्यांना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. शेवटी शेवटी त्या बांधावर जाऊन बसायचे आणि खाली बघत राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, म्हशींना बघतो. म्हशी तिकडं नसायच्याच."

मला मामांचा राग आला, आणि तो आल्याचीही लाज वाटली. त्यांचं नाव सांगून मी दाभोळपासून मान मिळवत आलो होतो. त्या मानात वाटेकरी व्हायला पुढं, आणि आता बाजूला सरायचं, हे कसं चालेल?

"बोलाव त्यांना," मामी म्हणाल्या. "आजच."

दुपारपर्यंत नाल्यावर माणसं जमली. टिकास, फावडी, सबली घेऊन आली होती, पण बांधावर कुणी पाय ठेवीना. दगड आणि चिकणमातीचा, मामांनी स्वतः उभं राहून घातलेला बांध. वरच्या अंगाला पाणी दिसतच नव्हतं. पुरुषभर उंचीचं गवत वाऱ्यावर हलत होतं. खरं सांगायचं तर ते दिसायला देखणं होतं.

मामी घरातून तांब्या आणि फुलपात्र घेऊन आल्या. मला वाटलं, पूजा करणार असतील. त्या सरळ पुंडलिकापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"पुंडलिका, त्या दिवशी तुला पाणी द्यायचं राहून गेलं."

पुंडलिक टिकासावर हात ठेवून तसाच उभा राहिला. "काकू, काय बोलून राह्यल्या? थे कधीचं झालं."

"मी दारातून आत गेले होते. तू पाहिलंस मला."

त्यानं नजर खाली वळवली. म्हणजे पाहिलं होतं.

"घे," मामी म्हणाल्या. काठोकाठ भरलेला तांब्या त्यांनी पुढं धरला आणि पाणी सांडू लागलं. सुभद्रेनं पुढं होऊन मामींच्या हाताखाली हात धरला, आणि नवऱ्याला म्हणाली, "घ्या ना. काकूले कितीक वेळ उभं ठेवता?"

पुंडलिकानं डोक्याचं फडकं काढलं, ओंजळ केली आणि पाणी प्यायला. पूर्ण तांब्याभर प्यायला. मग ओल्या हातांनी टिकास उचललं.

बांध फुटायला फार वेळ लागला नाही. आधी एक बारीक धार, मग तांबूस गढूळ लोंढा, मग मासे. पुष्कळ मासे. जमलेली माणसं टिकासं टाकून मासे धरायला धावली, हसली, एकमेकांवर चिखल उडवू लागली. मामीही हसल्या. मी काठावरचं उपटलेलं गवत माझ्या गोणपाटात भरून वरच्या खडकावर वाळायला नेऊन टाकत होतो. एक कांडी वाटेत पडली तर मी मागं फिरून ती उचलून घेत होतो. तीन-चार खेपांनंतर मामींनी माझ्या हातातल्या गोणपाटाकडं पाहिलं. "आमसुलांचं ना हे?" त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली आणि पुढच्या खेपेला निघालो.

पुढं आठवडाभर राहिलो. रोज नाल्यात उतरत होतो. माझे तळहात मामींच्या तळहातांसारखे दिसू लागले, पण त्यांच्यासारखे पुरते झाले नाहीत, आणि होतील असा दावाही करत नाही. मामींच्या म्हशी सुभद्रेच्या गोठ्यात बांधल्या. दूध दोन्ही घरांत जायचं असं ठरलं. मामींना घेऊन जायचं मी पुन्हा एकदा विचारलं.

"उन्हाळ्यात मुळं खणायची आहेत," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात पुन्हा कुठं कुठं फुटेल, ते बघायला कोण आहे? मी गेले की लोक म्हणतील, जाऊ द्या, म्हातारी होती बिचारी. तसं नको मला."

चांदभाईंच्याच छकड्यातून परत निघालो. नाल्याच्या उतारावर चिखल होताच, पण पाणी ओसरलं होतं आणि एका कडेला खडक उघडा पडला होता. चांदभाईंनी बैल तिकडून घातले. मी खाली उतरून चालत होतो. स्टेशनवर पुंडलिक आधीच येऊन थांबला होता. त्याच्या डोक्यावर वांग्यांची टोपली होती.

"घरी न्या. आईले द्या. वरच्या अंगची हायेत, चांगली हायेत."

मला नको म्हणता आलं नाही. घ्यायलाही हात पुढं होईना. शेवटी त्यानंच टोपली डब्यात चढवली. गाडी सुटली तेव्हा तो आणि चांदभाई निंबाखाली बसून विडी पेटवत होते.

परतीच्या वाटेवर लोकांनी विचारलं, कुठून आलात? मी वऱ्हाडातून म्हणालो, आणि पुढचं बोललो नाही. प्रवास करून आलेला माणूस घरच्यांना सांगतो की मी अमुक पाहिलं, तमुक खाल्लं. मी हुरडा खाल्ला, काळी जमीन पाहिली, हे सगळं खरं. पण बोरखेडीनं मला जे दिलं ते माझ्या लायकीचं नव्हतं. दूध, पाट, शेंगा, वांगी. शिव्या माझ्या वाट्याच्या होत्या, आणि त्या कुणी दिल्या नाहीत. वाटेत आगबोटीवर एकानं माझ्या हातांकडं पाहून विचारलं, "शेती करता का?" मी नाही म्हणालो, आणि हात उपरण्याखाली घेतले.

घरी आल्यावर आईनं त्या वांग्यांची भाजी केली. गूळ, खोबरं घालून, आपल्या पद्धतीची. जेवताना तिनं विचारलं, वहिनी का नाही आली? मी थोडंफार लपवून सांगणार होतो. तिचा तो एकुलता एक भाऊ होता. पण पहिला घास घेतला आणि मग मी सगळंच सांगितलं. उतार, दांड, कुजलेली मुळं, अंगणातून हाकललेला पुंडलिक, तांब्या, सगळं. मामींच्या हातांबद्दलही सांगितलं.

आई वाढता वाढता थांबली होती. तिनं भाजीचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, मी उगाच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला या वयात कशाला?

मग ती म्हणाली, "मुळं उन्हाळ्यात खणणार म्हणालास ना?"

"हो. चैत्रात वगैरे."

"मग मला घेऊन चल. त्याची बहीण आहे मी." तिनं पुन्हा भांडं उचललं आणि माझ्या पानात वाढलं. "कुदळ तिकडं चांगली मिळते, की इथूनच न्यावी?"